जुन्या कॉमिक्सचा लिलाव: कुठे घ्यावं, कुठे विकावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत राहून अमेरिकन कॉमिक्स जमवतोय. गणपतीला मंडळात भेट झाली की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "काका, आमच्या तळघरात एक खोकं सापडलंय, त्याचं काय करू?" तीच ती उत्तरं देऊन देऊन शेवटी हे लिहून काढलं. मी लिलावगृहाचा माणूस नाही. घेणारा आहे, अधूनमधून विकणारा आहे, आणि दोन्हीकडे हात पोळून घेतलेला आहे.

सगळ्यात मोठं लिलावगृह कुठलं? तिथेच द्यावं ना?

सगळ्यात मोठं म्हणजे डॅलसचं हेरिटेज ऑक्शन्स. १९७६ साली नाण्यांच्या धंद्यातून उभं राहिलं, कॉमिक्समध्ये २००१ पासून आहे. दर आठवड्याचे छोटे लिलाव आणि वर्षातून काही वेळा भरणारे मोठे 'सिग्नेचर' लिलाव, अशी त्यांची दोन दुकानं समजा. तुमचा अंक या दोन्हींपैकी कुठे बसतो, यावर बरंच ठरतं.

"तिथेच द्यावं ना?" याचं उत्तर मात्र हो नाही. वीस हजार डॉलरच्या अंकाला मोठ्या लिलावाचा छापील कॅटलॉग आणि गर्दी उपयोगी पडते. दीडशे डॉलरचा अंक तिथे लग्नाच्या पंगतीतल्या लोणच्यासारखा असतो: पानात असतो, पण त्याच्याकडे बघायला कोणी आलेलं नसतं.

बाकीचे कोण कोण आहेत?

न्यूयॉर्कचं कॉमिककनेक्ट, २००७ पासून. मेट्रोपोलिस कलेक्टिबल्स या जुन्या व्यापाऱ्यांचंच हे लिलावाचं अंग. 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १, म्हणजे १९३८ साली ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो अंक, ही जणू त्यांची खासियतच. दहा लाख डॉलरला विकलेलं पहिलं कॉमिक म्हणजे याच अंकाची एक प्रत, आणि ती फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनीच विकली.

कॉमिकलिंक १९९६ पासून आहे. सजावट साधी, पण जुने मुरलेले संग्राहक तिथे रोज डोकावतात. टेक्सासचं मायकॉमिकशॉप हे मुळात भलंमोठं दुकान. तिथे तुमचा माल ठेवून विकताही येतो आणि लिलावातही घालता येतो. मधल्या आणि खालच्या किमतीच्या अंकांसाठी मला ते सगळ्यात सोयीचं वाटतं. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कचं हेक्स १९६७ पासूनचं. तिथे कॉमिक्सबरोबर खेळणी, निवडणुकीचे बिल्ले, जाहिरातींच्या वस्तू असा मिश्र बाजार भरतो. खोक्यात कॉमिक्सखाली जुनी पत्र्याची खेळणीही निघाली असतील, तर आधी तिकडे विचारा.

ईबे आहेच. त्याला कमी लेखू नका. 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ ची ९.० दर्जाची (दहापैकी) प्रत ऑगस्ट २०१४ मध्ये ईबेवर ३२ लाख डॉलरला गेली होती. सोदबीजने १९९१ मध्ये कॉमिक्सचा पहिला मोठा लिलाव केला, क्रिस्टीजही पाठोपाठ उतरलं. पण आज सामान्य संग्राहकाने त्यांच्या दारात जाण्याचं कारण नाही. फ्रेंच-बेल्जियन मालासाठी पॅरिसचं आर्टक्युरिअल. 'टिनटिन'च्या 'ब्लू लोटस'साठी त्याचा चित्रकार एर्जेने १९३६ मध्ये केलेलं मुखपृष्ठाचं मूळ चित्र तिथे जानेवारी २०२१ मध्ये फीसकट सुमारे ३२ लाख युरोला गेलं.

'बायर्स प्रीमियम' म्हणजे नेमकं काय? तो तर घेणाऱ्याने द्यायचा, मग विकणाऱ्याला काय त्याचं?

सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हातोडा पडतो ती रक्कम, म्हणजे शेवटची बोली, वेगळी आणि घेणाऱ्याच्या खिशातून जाते ती वेगळी. मधला फरक हा प्रीमियम. नोव्हेंबर २०२५ मध्ये हेरिटेजने 'सुपरमॅन' क्रमांक १ ची ९.० दर्जाची प्रत ९१ लाख २० हजार डॉलरला विकली. कॅलिफोर्नियात तिघा भावांना आईच्या माघारी माळा आवरताना, जुन्या वर्तमानपत्रांच्या थराखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात ती सापडली होती. बातमी सगळ्यांनी वाचली. आता २० टक्के प्रीमियम धरून तो आकडा १.२ ने भागून बघा: बरोबर ७६ लाख. हातोडा तिथे पडला होता. उरलेले १५ लाख २० हजार लिलावगृहाचे. त्याच लिलावगृहाने एप्रिल २०२४ मध्ये ६० लाखांना विकलेला 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ असाच भागा, ५० लाख येतात.

आणि हा प्रीमियम घेणारा वरून देत नाही. कुठलाही शहाणा संग्राहक आधी स्वतःशी ठरवतो, "या अंकाला माझ्याकडून फार तर १२०० डॉलर." प्रीमियम २० टक्के असेल तर तो बोली १००० वर थांबवतो. म्हणजे कागदावर घेणाऱ्याच्या नावाने लिहिलेले ते २०० डॉलर खरे तुमच्याच ताटातून गेले.

हेच गिऱ्हाईक धरून तुलना करू. प्रीमियमवाल्या लिलावगृहाने तुमच्याकडून कमिशन माफ केलं तर तुमच्या हातात १०००. वर १० टक्के कापलं तर ९००. कॉमिकलिंक किंवा मायकॉमिकशॉपसारख्या ठिकाणी घेणाऱ्याला प्रीमियम नसतो, तिथे तो सरळ १२०० ची बोली लावतो. १० टक्के कमिशन कापून तुम्हाला १०८०. ईबेवर फी १३ टक्क्यांच्या आसपास धरली तर १०४० च्या जवळपास, शिवाय पॅकिंग तुमचं, भांडणही तुमचंच.

मग प्रीमियमवाल्यांकडे लोक का जातात? कारण गर्दी मोठी असली तर तेच गिऱ्हाईक १२०० ऐवजी १४०० पर्यंत ओढलं जातं. हातोडा ११६६ च्या आसपास पडतो आणि सगळं गणित उलटं होतं. म्हणून मी टक्के बघत बसत नाही. माझ्याकडच्या अंकाच्या, त्याच दर्जाच्या प्रती गेल्या वर्षभरात कुठे कितीला गेल्या ते बघतो, आणि प्रत्येक ठिकाणचे विकणाऱ्याच्या हातात पडलेले डॉलर काढतो. एका वहीच्या पानाचं काम आहे.

ते जुने भाव बघायचे कुठे?

हेरिटेजवर खातं उघडलं की त्यांच्या जुन्या लिलावांचे निकाल फुकट दिसतात, प्रत्येक प्रतीच्या फोटोंसकट. जीपीॲनालिसिस ही पैसे भरून घ्यायची सेवा. दर्जावार विक्रीची नोंद तिथे मिळते. ईबेवर 'सोल्ड'चा खूण-चौकोन निवडून बघा, मागितलेल्या किमती बघू नका. मागायला काय, कोणीही काहीही मागतं. १९७० पासून निघणारी ओव्हरस्ट्रीटची किंमत-मार्गदर्शिका अंक ओळखायला उत्तम आहे, आजच्या भावाला नाही.

२०२१ चे भाव बघून मनात मांडे खाऊ नका. त्या वर्षी घरी बसलेल्या जगाने बाजार डोक्यावर घेतला होता. १९७० नंतरचे कितीतरी अंक त्यानंतर धाडकन खाली आले.

दर्जा ठरवून घ्यावाच लागतो का?

मोठ्या घराला द्यायचं तर बहुतेक वेळा हो. फ्लोरिडातली सीजीसी २००० पासून हे काम करते. अंक तपासून त्याला ०.५ ते १० मधला आकडा देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. त्यालाच 'स्लॅब' म्हणायचं. वरच्या पट्टीचा रंग आकड्याआधी वाचा. निळी पट्टी म्हणजे साधा अंक. जांभळी म्हणजे डागडुजी केलेला: रंग भरलाय, फाटलेलं चिकटवलंय, कडा कापल्यात. हिरवी म्हणजे एखादी ठळक खोट. पिवळी म्हणजे त्यांच्या माणसासमोर केलेली सही. आकडा तोच आणि पट्टी जांभळी, तर भाव कित्येकदा अर्ध्याहूनही खाली.

साठ डॉलरच्या अंकाला स्लॅब करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

स्लॅब म्हणजे शंभर टक्के खात्री ना?

नाही. २०२३ च्या अखेरीस उघड झालं की कोणीतरी पेट्या उघडून आतला चांगला अंक काढून हलका घालत होता आणि वरची पट्टी तीच ठेवत होता. सीजीसीने २०२४ च्या सुरुवातीला संशयित पेट्यांच्या क्रमांकांची यादीच जाहीर केली. तेव्हापासून मी पट्टीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकतो, तिथला फोटो असला तर कडांवरचे ठिपके आणि मणक्यावरच्या (घडीच्या कडेवरच्या) रेघा समोरच्या प्रतीशी जुळवतो, आणि मगच बोली. पेटीचे सांधे कुठे पांढुरके झालेत का तेही बघा.

स्लॅब नसलेला अंक लिलावात घ्यावा का?

माझीच फजिती सांगतो. 'इनक्रेडिबल हल्क' क्रमांक १८१, नोव्हेंबर १९७४, वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन. एका लिलावात मोकळी प्रत आली. मुखपृष्ठ झकास, मागचं पानही झकास. वर्णनात "उत्तम स्थिती" एवढंच. भाव नेहमीपेक्षा बराच कमी चालला होता, आणि इतरांना हे कसं दिसत नाही या आनंदात मी बोली मारली.

पार्सल आलं. वाचकांच्या पत्रांचं पान उघडलं तर तिथे खिडकी. त्या काळी मार्व्हल अंकांत तिकिटासारखे चौकोन छापायचं, मुलांनी कापून वहीत चिकटवायला. १८१ मध्ये शॅना या नायिकेचा चौकोन आहे. माझ्या प्रतीतला १९७४ मधल्याच कुठल्यातरी पोराने नीट कात्रीने, कड धरून कापला होता. पोराला दोष नाही, त्याने सांगितलं तेच केलं. पण त्या चौकोनाशिवाय अंकाची किंमत कोसळते. लिलावगृहाच्या अटींत "जसा आहे तसा" लिहिलेलं होतं, तक्रारीची मुदत टपालात असतानाच संपली होती.

तेव्हापासून मोकळ्या अंकाच्या बाबतीत मी ठरलेले प्रश्न लेखी विचारतो: सगळी पानं आहेत का, मधलं जोडपान पिनांना घट्ट आहे का, काही कापलेलं आहे का, पिना मूळच्या आहेत का. उत्तर गोलमोल आलं की तो सोडून पुढचा अंक.

माझ्याकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा आहे. हेरिटेजला पाठवू?

नको. तिथे घेणारा बसलेलाच नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, सुरुवातीचे अंक सगळे वेताळाचे. आपल्या पिढीने वेताळ, मँड्रेक आणि बहादूर मराठीत वाचले, त्यामुळे मराठी अंकांना जीव टाकणारा माणूस पुणे, नाशिक, नागपूर किंवा माझ्यासारखा कुठेतरी परदेशात. असे व्यवहार संग्राहकांच्या गटांत, ओळखीने, फोटो पाठवून होतात. मुंबईतली सॅफ्रनआर्ट, ॲस्टागुरूसारखी घरं मुख्यतः चित्रकलेची. तिथे तुमचा गठ्ठा घेऊन गेलात तर चहा मिळेल.

एक अपवाद आहे. वेताळाचे, म्हणजे 'फँटम'चे, वेडे ऑस्ट्रेलियात आणि स्वीडनमध्ये भरपूर आहेत. ऑस्ट्रेलियात फ्र्यू प्रकाशनाचं वेताळाचं मासिक १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये 'फँटोमेन' १९५० पासून निघतंय. त्यांतले काहीजण जगभरचे अंक जमवतात. इंग्रजी इंद्रजालचे अगदी सुरुवातीचे, स्वच्छ अंक असतील तर ईबेवर त्यांच्यापर्यंत पोचता येतं.

आणि हो, गठ्ठा बाइंड केलेला आहे का? आपल्याकडे वर्षाचे अंक बाइंडिंगवाल्याकडे द्यायची चांगली सवय होती. तो तिन्ही कडा यंत्रावर कापायचा, मणक्यात दोरा ओवायचा, वर निळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरांत आडनाव. वाचायला असा खंड सोन्यासारखा. संग्राहकाच्या लेखी मात्र त्यातला प्रत्येक अंक कापलेला आणि भोकं पाडलेला. खंड तसाच ठेवा, नातवंडांना द्या. उसवून सुटे अंक विकायला जाऊ नका, दोन्हीकडून जाल.

अंक दाबून, साफ करून द्यावा का?

कोरडी सफाई आणि 'प्रेसिंग', म्हणजे उष्णता आणि दाब देऊन सुरकुत्या काढणं, हे जाणकाराने केलं तर सीजीसी त्याला डागडुजी मानत नाही आणि दर्जा थोडा वर जाऊ शकतो. घरी इस्त्री करू नका. सेलोटेप तर नकोच नको. गंजलेली पिन असेल तर तीही तशीच राहू द्या. नवी घातलीत तर तीच खोट म्हणून नोंदली जाते.

लिलावगृहाशी घासाघीस करता येते का?

येते, आणि लोक करत नाहीत याचं मला नवल वाटतं. आपण भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मागतो आणि इथे छापील कागद बघून गप्प सही करतो. चांगला अंक असेल तर विक्रेत्याचं कमिशन माफ होतं. फार चांगला असेल तर प्रीमियममधला वाटाही मिळतो. त्याशिवाय हे विचारा: स्लॅबचा खर्च कोण करणार, विमा कधीपासून लागू, न विकल्यास दंड किती, पैसे किती दिवसांत. लिलावानंतर एक-दोन महिने लागणं नेहमीचं आहे. आणि त्याच लिलावात तुमच्या अंकाची आणखी एखादी प्रत आहे का, हेही विचारा. त्याहून चांगली प्रत शेजारी असली तर पुढच्या खेपेपर्यंत थांबा.

लिलावच कशाला? थेट विकलं तर?

कधीकधी तेच शहाणपण. अभिनेता निकोलस केजची 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ ची प्रत २००० मध्ये त्याच्या घरातून चोरीला गेली, २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका भाड्याच्या कोठारात सापडली. त्याच नोव्हेंबरात कॉमिककनेक्टच्या लिलावात २१ लाख ६० हजार डॉलरला गेली. तीच प्रत जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा विकली गेली तेव्हा लिलाव झालाच नाही: मेट्रोपोलिसवाल्यांनी मध्यस्थी करून खाजगीत दीड कोटी डॉलरचा सौदा जमवला.

आपल्या पातळीवर थेट विक्री म्हणजे गल्लीतला दुकानदार. तो निम्म्याच्या आसपास भाव देईल, पण लगेच, रोख, आणि खोक्यातला गाळही उचलून नेईल. हजार साध्या अंकांच्या खोक्याला मी हाच सल्ला देतो.

कर लागतो का?

अमेरिकेत घेताना पार्सल ज्या राज्यात जाणार तिथला विक्रीकर, तोही प्रीमियम धरलेल्या रकमेवर. आमच्या न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. बोलीची मर्यादा ठरवताना हा धरायचा राहतो आणि मग बिल बघून घरात शांतता पसरते. विकताना वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर संघीय कराचा दर कमाल २८ टक्के आहे, शेअर्सपेक्षा जास्त. घेतल्याच्या पावत्या जपा.

भारतात मागवत असाल तर २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावलं, ते लक्षात ठेवा, आणि पार्सलवर वर्णन 'छापील कॉमिक पुस्तक' असंच असू दे. नुसतं 'संग्राह्य वस्तू' लिहिलं की कुरिअरवाला ते भलत्याच रकान्यात टाकतो. कस्टममध्ये पेटी उघडायला लागू नये म्हणून वर फोटो आणि बिलाची प्रत चिकटवा.

स्लॅब पोस्टात फुटतो का?

पेटी तडकते, ते परवडलं. खरी धास्ती वेगळीच: पेटी आपटली की आतला अंक सरकून त्याचे कोपरे दुमडतात, आणि बाहेरून सगळं शाबूत दिसतं. उघडताना व्हिडिओ करा.

भारतात बसून बोली लावायची तर वेळेचं कसं?

अमेरिकेतला रविवार संध्याकाळचा लिलाव म्हणजे तुमची सोमवारची पहाट. बहुतेक ठिकाणी कमाल बोली आधी नोंदवून झोपता येतं. यंत्र तुमच्या वतीने गरजेपुरतीच वाढवत जातं. काही घरं शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढवतात, काही घड्याळाच्या ठोक्याला बंद करतात, ते आधी बघून ठेवा. नाशिकचा माझा भाचा कमाल बोली टाकत नाही. साडेचारचा गजर लावतो, चहा करून बसतो आणि दर वेळी ठरवल्यापेक्षा चाळीस डॉलर जास्त घालवतो.